मामांचा तळवा

हिंगणीहून आलेला माणूस छापखान्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुहे मा... मा..." पुढे त्याला बोलवेना. मला वाटलं, हा माझी नक्कल करतोय. मी तोतरा आहे. वर्ध्यात छपाईचे खिळे जुळवायचं काम धरलं तेही त्यात तोंड उघडावं लागत नाही म्हणून. मी रागानं त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचे डोळे भरलेले. माझे मामा गेले होते...

त्याला आता महिना होत आला. संशय हा माझा जुना सोबती. कोणी हसलं की मलाच हसलं, गप्प बसलं की माझी कीव केली, अडलेला शब्द पुरा करून दिला की माझा कंटाळा आला, असंच मी धरून चालायचो. मामा यातलं काहीच करत नसत. मी अडलो की उताणा तळवा मांडीवर ठेवून माझं होईपर्यंत थांबत. या माणसाच्या मनात आहे तरी काय, असं मला वाटायचं.

छप्पनच्या दसऱ्याला मामांबरोबर नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली. त्या अफाट गर्दीत सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून प्रतिज्ञा म्हणताना माझी जीभ कुठेच अडली नाही. हिंगणीत रोज संध्याकाळी वंदना सुरू झाली, तिथंही तेच. मी हरखून गेलो. पण शेजारचे श्यामराव चारचौघांत म्हणाले, "वंदनेत तं सरसर बोलते हा. मंग दिवसभर काऊन अडते? सोंग करून राह्यला!" ते फार लागलं. खरंच का मी सोंग करतो? माझाच माझ्या जिभेवर भरवसा राहिला नाही.

मामांनी श्यामरावांशी वाद घातला नाही. मला म्हणाले, "उद्या वंदना तू सांगजो."

सांगणारा आधी एकटा ओळ म्हणतो, मग बाकीचे. एकटा म्हटलं की मी अडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग हे माझी फजिती करायला निघालेत की काय?

"का... काऊन?" मी विचारलं.

"कुठवर लपवून ठेवशीन?"

दुसऱ्या दिवशी पहिल्याच शब्दाला मी अडलो. बायकांत कोणाला तरी फिसकन हसू फुटलं. मामांनी जोडलेले हात सोडले आणि तळवा मांडीवर ठेवला. माझी ओळ पुरी झाल्याशिवाय कोणालाच पुढं म्हणता येईना, म्हणून सगळे थांबले. श्यामरावही. अडखळत का होईना, वंदना पार पडली. सगळ्यांसोबत धावणारी जीभ माझीच आणि एकटी अडणारीही माझीच, हे हळूहळू मला पटत गेलं. एक संशय मात्र राहिलाच. लोक इतके निमूट थांबले कसे?

मामांच्या पुण्यानुमोदनाला हिंगणीला गेलो, तेव्हा मी मामींना विचारलं, "त्या दिवशी मा... मामांनी सगळ्यांले आधीच बजावून ठेवलं होतं ना?"

"नाई गा, बापू," मामी म्हणाल्या. "बजावलं असतं तं मी हसली असती का?"

एवढी वर्षं ते हसू मी श्यामरावांच्या बायकोच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

संध्याकाळी वंदना मीच सांगायची ठरली. सतरंजीवर मामांची जागा रिकामी ठेवली होती. पहिल्याच शब्दाला मी अडलो आणि कोण हसतंय ते हेरायला सवयीनं नजर वर केली. समोर मामी बसल्या होत्या. डोळे पाण्यानं भरलेले, उताणा तळवा मांडीवर.

मी घाई केली नाही.