अळिवाची खीर
सुनेला दूध कमी येतंय म्हणून परवा अळिवाची खीर करायला घेतली, आणि त्या वासाने जयनगरचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. तेव्हा सरहद्दीवर लढाई चालू होती. मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ तीन महिन्यांचा. एका सकाळी, फौजेतला मामा बेपत्ता असल्याची तार आली. आई रडली नाही. तिने तार घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवली आणि भाकरी थापत राहिली. पण संध्याकाळी बाळ छातीशी धडपडून किंचाळायला लागलं, तेव्हा कळलं की तिचं दूध आटलंय. वडील अळीव आणत, आई वाट्यांवर वाट्या खीर संपवी, पण काही उपयोग होत नव्हता. शेजारच्या बेळगावकडच्या अक्कांचंही मूल अंगावर पीत होतं. त्यांनी आमच्या बाळाला पदराखाली घेतलं आणि आईला म्हणाल्या, "दूध कुठं जात नाही गं, भिऊन आत बसलंय. स्वल्प थांब, थोडा धीर धर." बाराव्या दिवशी मामाच्या अक्षरातलं पत्र आलं. आई उंबऱ्यातच उभी राहून ते वाचत होती. डोळ्यांत अजून टिपूस नव्हतं, पण पोलक्यावर दोन ओले डाग पसरत चालले होते. परवा मी खिरीची वाटी सुनेच्या हातात दिली, पण नेहमीसारखी लगेच उठले नाही. तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "कशाची भीती वाटतेय तुला?"