देवदूतांची उतरंड

एस्तेरचा सूर चुकावा, अशी प्रार्थना मी चर्चमध्ये बसून केली आहे. डोळे मिटलेले, डोक्यावर पदर, हात जोडलेले. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई केवढी भक्तीत बुडाली आहे. आणि मी देवाला विनवत होते की गाण्यातल्या वरच्या जागेवर हिचा आवाज एकदा, फक्त एकदा फाटू दे. तो फाटला नाही. उलट गाणं संपल्यावर मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, आणि मी घरी येऊन कारण नसताना भांडी आपटली.

एस्तेर माझी धाकटी जाऊ. माळशिरसकडच्या उसाच्या गावातून लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला आपल्या उपासनेतली चार गाणी धड येत नव्हती. ती मी शिकवली. हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. गायनमंडळाच्या पहिल्या ओळीत मधोमध उभी राहण्याचा मान तेव्हा माझा होता. नाताळच्या सकाळी एकटीने म्हणायचं गाणंही माझंच. मग माझ्या गळ्यात गाठ निघाली आणि ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, देवाची कृपा, पण आवाजाची नस दुखावली गेली. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं तर घशातून नुसती हवा बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीतर असंच राहील, सांगता येत नाही. तेव्हापासून मी कुजबुजते. शेजारी बसलेल्याला ऐकू जातं, त्याच्या पलीकडच्याला नाही. आणि माझी मधली जागा एस्तेरला मिळाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

पाळकसाहेबांना माझी अवस्था दिसत असावी. नाताळच्या आधी महिला सभेत देवदूतांवर धडे घ्यायचे होते, ते त्यांनी माझ्याकडे दिले. तुम्ही तयार करा, वाचून दुसरं कोणीतरी दाखवेल, असं म्हणाले. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात तसं मला ते वाटलं. तरी मी घेतलं, कारण नाही म्हणायलाही आवाज लागतो.

पण त्या धड्यांनी मला धरलं. पवित्र शास्त्रात देवदूत एका जातीचे नाहीत. यशया संदेष्ट्याने पाहिलेले सराफ नावाचे दूत देवाच्या राजासनाच्या अगदी जवळ. त्यांना सहा पंख. दोहोंनी तोंड झाकायचं, दोहोंनी पाय झाकायचे, दोहोंनी उडायचं, आणि अखंड देवाची पवित्रता गायची. त्यांच्यातल्याच एकाने वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून यशयाच्या ओठांना लावला होता. मग करूब. एदेन बागेच्या वाटेवर पहारा त्यांचा, दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या कराराच्या कोशावर पंख पसरून असतात ते तेच. यहेज्केल संदेष्ट्याला ते दिसले तेव्हा एकेकाला चार तोंडं होती, माणसाचं, सिंहाचं, बैलाचं आणि गरुडाचं, आणि शेजारी डोळ्यांनी भरलेली चाकं. पौलाच्या पत्रांत राजासनं, सत्ता, अधिकार अशी नावं येतात. मीखाएल हा आद्यदेवदूत, लढणारा. गब्रीएल देवासमोर उभा राहणारा, मोठ्या निरोपांचा. आणि या सगळ्यांच्या खाली नुसते दूत, बिननावाचे, पुष्कळ. शास्त्र स्वतः यांची क्रमवार पायरी लावून देत नाही. ती नंतरच्या लोकांनी लावली. माझ्या स्वभावाला मात्र ती पायरी फार आवडली.

मी तिथल्या तिथे सगळ्या चर्चची उतरंड रचून टाकली. गायनमंडळ म्हणजे सराफ. दाराशी उभे राहून चपला नीट लावायला सांगणारे पंच म्हणजे करूब. पाळकसाहेबांना गब्रीएल करून टाकलं. सतरंज्या घालणाऱ्या, चहाचे पेले विसळणाऱ्या बायका म्हणजे नुसत्या दूत. मी इतकी वर्षं सराफ होते आणि आता पेले विसळणाऱ्यांतही माझी नेमणूक नव्हती. दुपारी घरात एकटी असले की मी देवाला म्हणायची, तो निखारा माझ्या गळ्याला लाव. यशयाचे ओठ अशुद्ध होते, माझे तर बंदच पडलेत. आणि निखारा मिळणार नसेल तर निदान तिचाही सूर काढून घे. प्रार्थनेचा हा दुसरा भाग जास्त मनापासून व्हायचा.

त्या शुक्रवारी दुपारी एस्तेर आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर आली. नाताळच्या गाण्यातली ती वरची जागा तिला नीट बसत नव्हती. "ताई, मला जमंना. तुमी दाखवा की," म्हणाली. मी खुणेने चहा विचारला तर म्हणाली, उपास आहे. आमच्या बायकांत शुक्रवारी उपास-प्रार्थना धरणाऱ्या पुष्कळ आहेत, त्यामुळे मी पुढं काही विचारलं नाही. पेटी काढली आणि बोटांनी ती जागा वाजवून दाखवली. तिने म्हटली, छान म्हटली. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने पुन्हा म्हटली. मी पुन्हा नाही म्हटलं. खरं तर दुसऱ्याच वेळी बरोबर आली होती. पण ती माझ्यासमोर बसून माझी परवानगी मागत होती, आणि ते मला इतकं गोड लागलं की मी तिला म्हणायला लावतच राहिले. तिच्या कपाळावर घाम दिसत होता. मला वाटलं, बरं झालं, घाम गाळल्याशिवाय मिळत नसतं काही.

आणि मग त्या वरच्या जागेवर तिचा आवाज फाटला. क्षणभर मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. तेवढ्यात ती खुर्चीवरून खाली घसरली.

हात गार, अंग घामाने चिंब, डोळे अर्धवट उघडे, आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते ते समजत नव्हतं. मी तिचं नाव घेतलं, माझं मलाच ऐकू आलं नाही. यांना फोन लावला. हे हॅलो हॅलो म्हणाले, समोरून नुसती हवा ऐकली आणि गाडीवर असल्यामुळे ठेवून दिला. मेसेज टाकला, तो कोणी बघेना. रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला, तिकडची मुलगी म्हणत राहिली, मोठ्याने बोला, पत्ता सांगा. समोरच्या फ्लॅटला कुलूप, ते लोक अक्कलकोटला गेलेले. तिसरा मजला, दुपारची वेळ, सगळ्यांची दारं लागलेली. जिना उतरून जावं तर एस्तेरने माझं मनगट धरलं होतं आणि सोडत नव्हती. तेव्हा मी जी प्रार्थना केली तिच्यात शब्द नव्हते. फक्त 'पाठव' एवढंच होतं. कोणाला, तेही नाही.

खालून आरोळी आली. "कडक भाकरीऽ, शेंगाचटणीऽ." मी मनगट सोडवून गॅलरीत गेले आणि ताटावर उलथनं बडवलं. डोक्यावर पाटी घेतलेली बाई उभी राहिली, वर बघून विचारू लागली, किती देऊ. मी दोन्ही हातांनी बोलावलं, तोंड हलवलं, आवाज नाही.  ती पाटी तशीच डोक्यावर ठेवून जिना चढली. धापा टाकत दारात आली, खाली पडलेली एस्तेर पाहिली, पाटी उतरवली आणि मला काही न विचारता सरळ गॅलरीत गेली.

"अवं, कोन हाय का! तिसऱ्या मजल्यावर बाई पडलीया! या की पळत!"

तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. खरखरीत, नाकातला, सुराशी काडीचा संबंध नाही. गायनमंडळात तिला कोणी दाराशीसुद्धा उभं केलं नसतं. पण त्या आवाजाने सगळी दारं उघडली. खालचे कानडी बोलणारे काका बनियनवरच धावत वर आले. कोणीतरी रिक्षा आणली. काकांनी आणि त्या बाईने मिळून एस्तेरला खाली नेलं, मी मागून चपला न घालता.

दवाखान्यात कळलं की साखर फार उतरली होती. एस्तेरला मधुमेहाची गोळी चालू आहे. सकाळची गोळी सवयीने घेतली आणि वर उपास धरला. तिच्या हाताला सलाईन लावलं, थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय विचारलं तर, "ताई, ती जागा बरोबर आली का?"

संध्याकाळपर्यंत चर्चमधल्या बायका जमल्या. प्रत्येकीच्या तोंडी एकच. देवाने एस्तेरसाठी दूत पाठवला, अशा आवाजाला देव कसा जाऊ देईल. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते, आणि इतकं सगळं होऊनही माझ्या पोटात दुखायचं थांबेना. बघा, दूतसुद्धा हिच्यासाठीच आला. माझ्या घरी आला, माझ्या ताटाचा आवाज ऐकून आला, तरी हिच्यासाठी. तेवढ्यात माझे दीर शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले की डॉक्टरांनी आता उपास बंद सांगितलाय, तुम्हीच तिला समजवा, माझं ऐकत नाही. तुमचं ऑपरेशन झाल्यापासून दर शुक्रवारी धरते, तुमचा आवाज परत यावा म्हणून.

हे ऐकून मला भरून आलं, असं लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर आधी रागच आला. माझं दुःखसुद्धा हिने माझ्या आधी देवापुढं नेऊन ठेवलं होतं, तिथंही माझा नंबर मागे. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. रडू तिथं आलं, आणि बराच वेळ आलं. मी तिचा सूर मागत होते, ती माझा मागत होती, आणि दोघींच्या प्रार्थना एकाच देवाकडे जात होत्या. त्याने त्या कशा ऐकून घेतल्या असतील, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात ती भाकरीवाली पुन्हा आमच्या गल्लीत आली. मनातून मला ती यायला नको होती. ती पुन्हा कधीच दिसली नसती तर चर्चमध्ये उठून देवाची करणी सांगतात ती साक्ष कशी झकास झाली असती. पण आली, पाणी मागितलं, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही म्हणून कुरकुरली आणि जिन्यात टेकली. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, त्या दिवशी तुला इकडं कोणी पाठवलं? ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत म्हणाली, "कोन धाडतंय वं? तिकडं भाकरी खपंना, म्हून आले की हिकडं."

मी त्यावर खूप विचार केला. एलीया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली झोपला होता तेव्हा त्याला हलवून उठवणारा आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर खा म्हणणारा जो दूत होता, त्याचं नाव शास्त्रात नाही. त्याला पंख किती, तो कोणत्या पायरीवरचा, काही नाही. एलीयानेही विचारलं नाही, तो उठून जेवला. मी मात्र महिनाभर पायऱ्याच मोजत बसले होते. सराफांनी गाणं मागून घेतलेलं नव्हतं आणि त्या दूताने भाकर मागून घेतलेली नव्हती. ज्याला जे दिलं ते त्याने केलं. माझ्या हातून काय काढून घेतलं याचा हिशेब मला पाठ होता. आता हातात काय दिलंय, हे मी बघितलंच नव्हतं. आवाज परत येवो न येवो, तो त्याच्या हाती राहू दे, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. म्हणताना दात जरा आवळलेले होते, पण म्हटलं.

एस्तेर बरी होऊन चर्चला आली त्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाची साक्ष आहे का. एस्तेर उठली आणि माझा हात धरून मलाही पुढं घेऊन गेली. माइकपाशी म्हणाली, साक्ष ताईंची आहे, मी नुसती बोलनार. आणि तिने माझ्या तोंडाशी कान आणला.

मी कुजबुजायची आणि ती मोठ्याने सांगायची. शुक्रवारची हकिकत झाली, ताट झालं, भाकरीवाली झाली. लोक माना डोलावत होते. तिथं थांबले असते तर सगळं सुंदर झालं असतं. पण तिचा कान इतका जवळ होता, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एकच खरं उरलं होतं. मी म्हटलं, मला एस्तेरच्या आवाजाचा हेवा वाटतो.

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता ही गोड करून सांगेल, हेव्याचं कौतुक करेल, मला वाचवेल. मी मान हलवली, सांग. तिने माइक जवळ घेतला आणि माझं वाक्य जसंच्या तसं, एक शब्द न बदलता, आपल्या त्या स्वच्छ आवाजात साऱ्या मंडळीला सांगितलं. कोणीतरी हसलं. मी म्हटलं, आजही वाटतो. तिने तेही सांगितलं. तिचे डोळे भरले होते, सूर हलला नव्हता. मी म्हटलं, आणि आज देवाने तोच आवाज मला बोलायला दिला. हे सांगताना मात्र तिला मध्ये थांबावं लागलं.

मग तिने पुन्हा कान पुढं केला आणि हळूच विचारलं, "आनि काय, ताई?"

काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, आमेन. तिने म्हटलं, आणि मग सगळ्यांनी.