रेडिएटरला लागलेली हळद

काल गॅरेजवाल्याने गाडीत हिरवं कूलंट ओतलं आणि माझ्या नाकात उगाच हळदीचा वास आला.

लग्नाच्या सकाळी धानोऱ्याला आमच्या अंगणात आप्पांच्या जुन्या गाडीचा रेडिएटर गळायला लागला. त्याच गाडीतून मला तळोद्याला सासरी पाठवायचं, हा त्यांचा हट्ट. रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक भोक बुजतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून देवघरापुढची वाटी उचलून त्यांनी पाण्याबरोबर आत रिकामी केली.

ती सासरहून आलेली उष्टी हळद होती. नवरदेवाला लावून उरलेली ती हळद लागल्याशिवाय मी नवरी होणार कशी?

"मन्ही पोरनी हळद शे ती!" आई ओरडली.

"पन गळती बंद व्हयनी ना?" आप्पा म्हणाले.

शेवटी आईने रेडिएटरचा नळ खोलून वाटीभर पिवळं पाणी काढलं आणि मला तेच फासलं. दिवसभर माझ्या अंगाला गंजाचा वास येत होता.

पाठवणीला सगळे माझ्या गळ्यात पडून रडले. आप्पा तेवढे गाडीखाली वाकून थेंब पडतोय का ते बघत होते. काय संताप आला होता मला!

आता वाटतं, कोरड्या जमिनीकडे कुणी इतका वेळ बघतं का?