अम्मीसोबत अब्बांच्या डोंगरावर

अब्बा गेल्यानंतरच्या इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरातच राहायचे, चार महिने दहा दिवस संपले, त्या सकाळी अम्मी म्हणाली, "तुझ्या अब्बांचा डोंगर बघायचाय मला."

मी चहाचा कप खाली ठेवला. पस्तीस वर्षांच्या संसारात अब्बांनी तिला किती वेळा बोलावलं असेल, आणि तितक्याच वेळा तिनं नाही म्हटलं होतं. "मला काय काम तिथं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. (घरात आम्ही दखनी बोलतो. तिचं बोलणं इथं मराठीत आणलंय.)

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना अब्बा थोडेफार माहीत आहेत. कुपवाडला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, ते आता माझा भाऊ बघतो. सहा दिवस लोखंड, सातव्या दिवशी डोंगर, असा त्यांचा आठवडा. पण रविवारीसुद्धा घरातलं पाणी भरल्याशिवाय ते मोटरसायकलला किक मारत नसत, कारण अम्मीचा उजवा गुडघा कायमचा दुखरा. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आत परत. येताना पिशवीत करवंदं, आळू, नाहीतर कुठलीतरी रानभाजी. अम्मीला ताप असला की माझ्या वेण्या तेच घालायचे, त्या जरा घट्टच व्हायच्या. जुलैमधल्या एका दुपारी त्यांनी मशीन बंद केलं, स्टुलावर बसले, आणि पुन्हा उठले नाहीत.

त्यांच्या जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या दुआला, पाटण तालुक्यातून एक म्हातारे गृहस्थ दोन एसट्या बदलून आले होते. गणपत तात्या. अब्बांच्या त्या आवडत्या डोंगराच्या पायथ्याला त्यांचं घर आहे. जाताना दारातूनच अम्मीला म्हणाले, "वैनी, एकदा तरी या आमच्याकडं. लय वाट बघितली तुमची." अम्मीच्या मनात ते राहिलं असावं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही दोघी निघालो. फजरची नमाज झाली, थर्मासमध्ये चहा भरला, आणि साडेसहाला कुपवाड सोडलं. गाडी मी चालवत होते. सांगलीहून पलूस, ताकारी, कराड असा रस्ता धरला. रस्ता बरा आहे, पण हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपासून सावध राहा. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोर आला की घाई करू नका, मागे थांबा. पलूसच्या अलीकडे द्राक्षबागांवर पातळ धुकं होतं. अम्मी काच खाली करून बघत बसली होती. चार महिन्यांत तिनं घराबाहेरचं एवढं काही पाहिलं नव्हतं.

ताकारीजवळ आत वळून सागरेश्वरला थांबलो. हे हरणांचं अभयारण्य. लहान मुलं बरोबर असतील तर इथूनच सुरुवात करा. तिकीट किरकोळ आहे, सकाळी लवकर गेलात तर सांबरं आणि चितळं दिसतात. आत खायला काही मिळत नाही, पाणी बरोबर ठेवा. मी सात वर्षांची आणि भाऊ पाचचा असताना अब्बांनी आम्हाला पहिल्यांदा रान दाखवलं ते इथं. "पाय उचलून टाका, फरफटवू नका. आपण पाहुणे आहोत," असं दबक्या आवाजात सांगायचे.

अम्मी झाडाखालच्या कट्ट्यावर बसली. चढ तिला नको होता. म्हणाली, "रुबिना, एक सांगू? मला वाटायचं, घरात त्यांचा जीव रमत नाही, म्हणून जातात."

अब्बांबरोबर मी कितीतरी डोंगर फिरले होते आणि ती मागे घरात काय विचार करत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. दूर एक चितळ मान वर करून आमच्याकडे बघत होतं. ते गेल्यावर आम्ही उठलो.

कराडला पोचेपर्यंत साडेदहा वाजले. स्टँडजवळच्या हॉटेलात पोहे आणि दोन चहा झाले. पुढे पाटणचा रस्ता कोयनेच्या कडेकडेनं जातो आणि हळूहळू दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. गावाचं आणि डोंगराचं नाव इथं लिहीत नाही. तात्यांनीच तशी विनंती केली. रविवारी येणाऱ्या टोळक्यांनी मागच्या वर्षी वर बाटल्या फोडल्या होत्या. पाटणच्या आसपास असे पाचपन्नास डोंगर आहेत, कुठलाही निवडा. मुक्कामाला पाटणमध्ये साधे लॉज मिळतात. गावात सोय नाही.

आमचा मुक्काम मात्र तात्यांकडे होता. त्यांनी दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. तात्यांच्या घरच्या काकूंनी ज्वारीची भाकरी, पावट्याची आमटी आणि तांदळाची खीर केली होती. जेवताना तात्या अब्बांची आठवण काढून म्हणाले, "दस्तगीरभाऊ आलं की ह्याच जागी बसायचं. घास घेताना म्हनायचं, आमच्या घरच्या आमटीला तोड न्हाई."

"इथं, तुमच्या घरात बसून?" अम्मीनं विचारलं.

"व्हय की! हिचं तोंड एवढंसं व्हायचं," असं म्हणून तात्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. काकू हसल्या. अम्मीही जरा हसली. जुलैनंतर मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी सकाळी सातला निघालो. तरण्या माणसाला हा डोंगर दीड तासाचा. आम्हाला तीन लागले. पहिला टप्पा झाडीतून आहे, सोपा. मग उघडं गवत. अम्मी काठी टेकत दहा पावलं चालायची आणि थांबायची. मी दोनदा म्हटलं, इथूनच परत फिरू. तिनं मान हलवली.

गवत संपलं की काळा कातळ लागतो. साधारण दोन मजले उंचीचा तिरका चढ, पायऱ्या कोरलेल्या पण झिजलेल्या, आणि एका बाजूला दरी. कातळाच्या कडेनं लोखंडी रेलिंग होतं. खांबांवर जुना लाल रंग, कुठे कुठे गंज. ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून या डोंगरावर माझं येणंच झालं नव्हतं. मी धरायला गेले तर मला वाकावं लागलं. नेहमीच्या रेलिंगपेक्षा ते वीतभर खाली होतं.

"हे एवढं बुटकं कुणी केलं?" मी विचारलं.

तात्या कातळावर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझ्या बानं. आठ वर्षं झाली आसतील. वर्कशापात पाइप कापून मोटरसायकलला बांधून आनायचं. पाच रविवार. खालनं हितवर खांद्यावर. गावाला इचारलं, गाव हो म्हनलं. छिन्नीनं भोकं पाडायला मी हुतो संगं. म्या म्हनलं, आवं, पोरं तर उड्या मारत जात्यात, कशापायी एवढा खटाटोप? तर म्हनलं, आमच्या घरची येनार हाय. गुडघा दुखतो तिचा. उंचीचं भ्या वाटतं."

अम्मी खाली उभी होती. तिनं हात पुढे केला. पंजा बरोबर पाइपावर बसला. कोपर जराही उचलावं लागलं नाही.

"मला कधीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

"म्या इचारलं हुतं, वैनी. का सांगत न्हाई म्हनून. तर म्हनलं, सांगितलं तर तिला ओझं हुईल. गुडघ्याचं तेवढं बास हाय."

अम्मी तिसऱ्या खांबापर्यंत गेली आणि तिथंच पायरीवर बसली. मला वाटलं, रडेल. ती चिडली. "सांगायचं होतं ना!" रिकाम्या दरीकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली. "दरवर्षी नुसतं विचारायचे, यंदा येतेस का, यंदा येतेस का. एकदा सांगितलं असतं तर आले नसते का मी?" मग ती रडली. पदर तोंडाला लावून, बराच वेळ. तात्या पाठ फिरवून गवताकडे बघत राहिले. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि तिची पावलं धरून ठेवली, घसरू नयेत म्हणून.

थोड्या वेळानं तात्याच म्हणाले, "आता गावातल्या समद्या म्हाताऱ्या ह्येच धरून जात्यात, वैनी. वर भैरोबाची जत्रा आसती. माझी आई शेवटच्या साली हेच धरून चढली."

अम्मीनं डोळे पुसले. "मग मी काय तिच्यापेक्षा म्हातारी आहे का?" म्हणाली आणि उठली. एक हात रेलिंगला, एक माझ्या खांद्याला. खालचं तिनं एकदाही पाहिलं नाही.

वर पठार आहे. वारा जोराचा, जॅकेट हवंच. पश्चिमेला कोयनेचं खोरं, एकामागे एक निळसर डोंगर. भैरोबाच्या देवळापासून थोडं बाजूला एक सपाट खडक तात्यांनी दाखवला. अब्बा तिथं जोहर, म्हणजे दुपारची नमाज, पढायचे. आम्ही ऊन कलायला लागेपर्यंत थांबलो. अम्मीनं बाटलीतल्या पाण्यानं हात-तोंड-पाय धुऊन वजू केलं. गुडघ्यामुळे ती खुर्चीवर बसून नमाज पढते, इथं एका दगडावर बसून पढली. दुआ मागताना तिचे ओठ बराच वेळ हलत होते. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो हे लक्षात ठेवा. वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. चार वाजता गाव सोडलं. काकूंनी पावट्याच्या शेंगांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. कराडपर्यंत अम्मी झोपली होती.

या प्रवासातून सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही. अब्बांनी सांगायला हवं होतं असं मलाही वाटतं. दोन माणसं एकमेकांना जपत एका घरात राहिली, आणि त्यातली एक समजत राहिली की दुसऱ्याला घर नकोसं आहे. चार शब्दांनी ते मिटलं असतं. ते शब्द त्यांना जमले नाहीत. लोखंड जमायचं. मी आता घरी फोन करते तेव्हा "सगळं ठीक" एवढ्यावर थांबत नाही. एवढं एक माझ्यात बदललं.

सोमवारी सकाळी अम्मी अंगणात बुटांची माती धूत होती. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "दोन दिवस दिसला नाही. कुठं गेला होता?"

अम्मीनं नळ बंद केला.

"आमच्या ह्यांच्याकडं," ती म्हणाली.