चोळलेला पाय

माझी बहीण बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी वारली. चोळणारी बाई तिच्या पायाला तेल लावत होती. बहीण उठून बसली, श्वास येत नाही म्हणाली आणि पडली.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पाय तीन दिवस आधी सुजला होता, डावा, पोटरीपासून वर. मी आमच्या शिवाजी पेठेतल्या डॉक्टरांना घरी घेऊन आले. तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. बाळंतिणीच्या पायात रक्ताची गाठ होते, असं वाचलं होतं. तसं विचारलं, तर ते हसले.

"गोऱ्या बायकांचा आजार तो. त्यांचं रक्त दाट असतं. आपल्या बायकांचं पातळ. पुस्तकं जरा कमी वाच, आणि पाय नीट चोळून घ्या, उतरेल."

चोळणाऱ्या बाईनं आदल्या दिवशी सुजलेल्या पायाला हात लावला नव्हता. डॉक्टर सांगतायत म्हणून मीच तिला पुन्हा बोलावून आणलं. गाठ चोळण्यानं सुटली आणि फुफ्फुसात गेली, हे मला पुढे कळलं. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी 'हृदयक्रिया बंद' एवढंच लिहिलं.

पदवी घेऊन मी शाहूपुरीतल्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत लागले. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते पाहायची पद्धत साधी होती. बोट टोचायचं, केसासारख्या बारीक काचेच्या नळीत रक्त घ्यायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीचा तुकडा मोडायचा. दोन तुकड्यांमध्ये धागा ताणलेला दिसला की घड्याळ पाहायचं. निरोगी माणसाला किती वेळ लागावा, त्याचा आकडा पुस्तकात होता. तो कुठल्या देशातल्या लोकांना तपासून काढला, तेही छापलेलं होतं. त्यात आमच्याकडची एकही बाई नव्हती.

मी एक वही केली. रोग्यांसोबत आलेल्या धडधाकट बायकांना, प्रयोगशाळेच्या मालकांची परवानगी काढून, बोट मागायचे. राधानगरीकडची एक म्हणाली, "डेअरीत दुधाचं फॅट बघत्यात तसं बघा की. पानी न्हाय आमच्यात." तिचा धागा लवकर आला. सोबतच्या सख्ख्या जावेला बराच वेळ लागला. सीमेकडच्या कानडी बोलणाऱ्या बायका, शाळेतल्या मास्तरणी, उसाच्या फडावरच्या बायका, सगळ्यांच्या वेळा निरनिराळ्या. एका घरातल्यासुद्धा सारख्या नव्हत्या.

चार वर्षांनी वही घेऊन मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. त्यांनी चार पानं उलटली.

"बोटाच्या रक्तावरून पायातली गाठ कळते का?"

"नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं. "पण आपल्या बायकांचं रक्त म्हणून एकच काही नसतं, एवढं कळतं. पाय चोळायला सांगितलं ते चुकलं, असं एका ओळीत लिहून द्या."

"तुझ्या बहिणीचं आयुष्य तेवढंच होतं," ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

मी तिथून थेट चोळणाऱ्या बाईकडे गेले. पेठेतली एकही बाळंतीण तिच्या हाताखालून सुटत नसे. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी म्याच मारली व्हय तिला?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. तिनं थोडं सोसावं असं मला वाटलं. मग म्हणाले, "तुम्ही नको म्हणत होता. चोळायला त्यांनी सांगितलं. बोलावलं मी."

ती पदरानं तोंड पुसून उठली. दुसऱ्या दिवसापासून घराघरात तिचा आवाज ऐकू येऊ लागला. "सुजल्या पायाला म्या हात लावनार न्हाय. मोठ्या दवाखान्यात न्या. आन त्या डाक्टरकडं गेलासा तर मला बोलवू नगा. मास्तरीन असू दे न्हायतर पाटलीन."

पेठेला डॉक्टर दुसरा मिळत होता, तिच्यासारखी चोळणारी मिळत नव्हती. आधी बाळंतिणींनी त्यांचा दवाखाना सोडला, मग त्यांच्या सासवांनी, मग पोराबाळांनी. मी कामावरून परतताना वाकडी वाट करून त्या दवाखान्यावरून जायचे, रोज. बाकावर किती माणसं आहेत ते पाहायचे. बाक रिकामं असलं की घरी गेल्यावर मला भूक लागायची.

एकदा ते दारातच उभे होते. केस पांढरे झाले होते. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"लिहून द्या," मी म्हणाले.

ते आत गेले. पुढच्या वर्षी दवाखान्याला कुलूप लागलं, आणि त्यानंतर काही महिन्यांनी ते वारले. मी आंघोळ करून कामावर गेले.

ती ओळ त्यांनी लिहिली नाही. बहिणीची मुलगी माझ्याकडे वाढली, ती आता कॉलेजात आहे. डॉक्टरांवरचा राग गेलेला नाही.