सान्वीचं आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या नर्सरीच्या वर्गात खांदेमळणी केली. खऱ्या बैलांची नाही हो, मनीषनगरात बैल कुठून आणणार! वर्गात खेळण्यांच्या कपाटावर एक लाकडी नंदी आहे, एक शिंग डिंकाने चिकटवलेलं... त्याचीच.

मी तिथे टीचर आहे. लहान मुलं बघून विरघळणाऱ्यातली मी नाही, आधीच सांगते. नाकं पुसायची, रंग-आकार शिकवायचे, कुणाची चप्पल कुणाच्या पायात गेली ते बघायचं... काम आहे, मी ते नीट करते.

त्या दिवशी आधी कणकेचे बैल केले. एकाने बैलाला सोंड लावली, चालतं. मग वाटीत हळद-तूप कालवलं आणि एकेकाला नंदीचे खांदे चोळायला बोलावलं. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे दुखतात, असं सांगितलं. जू कुणालाच कळेना, म्हणून सगळ्यांच्या खांद्यावर आपापली दप्तरं चढवली... लगेच कळलं.

सान्वी मात्र दाराशीच उभी. ही पोरगी शाळा सुरू झाल्यापासून रोज गेटपासून भोकाड पसरायची, आईची ओढणी सोडायची नाही. तिच्या आईला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली होती, सण झाला की जॉइन व्हायचं होतं. घरी सांभाळायला दुसरं कोणी नाही. पोळ्यापर्यंत पोरगी रमली तर ठीक, नाहीतर नोकरीला नाही म्हणते, असं ती मला सांगून गेली होती. मी "बघू" म्हटलं. खरं तर मला काही आशा नव्हती.

पण हळदीची वाटी बघून की काय, सान्वी पुढे आली. दोन्ही हातांनी नंदीचे खांदे चोळत बसली, उठेचना. "दुखून राहिलं का गा?" असं त्याला विचारत होती.

शेवटी मी सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" रामटेकजवळ आमच्या गावी बाबा अजूनही बैलांना असंच म्हणतात. आवतन म्हणजे जेवायचं बोलावणं, तेही समजावलं. सान्वीने नंदीच्या कानाशी जाऊन ते वेगळं एकदा म्हटलं. मग शाळा सुटली, मी कुलूप लावलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे सुट्टी. आपण पाहुण्याला बंद घरी जेवायला बोलावलंय, हे माझ्या डोक्यात कुठून येणार!

दुपारी पुरण वाटत होते, तर सान्वीच्या आईचा फोन. "टीचर, सॉरी हं... पण पोरगी आयकूनच नाही राहिली. शाळेच्या गेटापाशी बसून रडून राहिली." म्हटलं, आता सुट्टीच्या दिवशीही रडणं? चिडलेच मी. पण चावी माझ्याकडे आणि शाळा दोन गल्ल्या सोडून... गेले.

गेटसमोर सान्वी. नवा फ्रॉक, मांडीवर डबा, रडून लाल झालेलं नाक. मला बघून म्हणते, "शाळा बंद काहून आहे? मी त्याले जेवाले बोलावलं ना!"

रोज ही पोरगी रडायची ती आत जायचं नाही म्हणून... आज आत जायचंय म्हणून रडत होती. मी कुलूप उघडलं.

नंदी खाली काढून दिला. तिने डब्यातली पुरणपोळी त्याच्यासमोर ठेवली आणि मांडी घालून बसली. आई दारातच उभी, नेहमीसारखी, हाक यायची वाट बघत. थोड्या वेळाने सान्वीने मान वळवली. "तू जाय ना घरी. तो जेवून राहिला."

आईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. मी खिडकी उघडायला गेले.

आता तिची आई मिहानला जाते. सान्वी गेटवर ओढणी सोडते आणि तडक कपाटाकडे जाते. डब्यातला पहिला घास नंदीला, मग तिला.

आवतन एकाच दिवसाचं असतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.