मशीन बरं हाये, पण

तापलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते, तसा ते कंप्युटरच्या कॅबिनेटला हात लावायचे. पालथा हात, डोळे मिटलेले, मान जराशी तिरपी. तेवढा वेळ दुकानात कोणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक गप्प, मी गप्प, चहा घेऊन आलेला माणूसही पेले हातात धरून उभा. मग ते डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "मशीन बरं हाये, पण..."

या 'पण'नं माझा जीव खाल्ला. 'पण'च्या पुढं काहीही असायचं. पंखा लहान आहे, वायरी कोंबल्या आहेत, पॉवर सप्लाय हलका आहे. माझ्या हातून तयार झालेलं एकही मशीन त्या 'पण'मधून सुटलं नाही. आणि मला आयुष्यात त्यांच्याकडून एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, या माणसानं माझ्या मशीनवर हात ठेवावा आणि "बरं हाये" म्हणून थांबावं.

ते भटजी. आमच्या मलकापुरात भटजीला महाराज म्हणतात. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, मुंज सगळं करायचे आणि उरलेल्या वेळात कंप्युटरवर मतं द्यायचे. उरलेला वेळ त्यांना फार होता. तुमच्याही गावात असेल असा एखादा, ज्याचा धंदा वेगळा आणि अधिकार भलत्याच गोष्टीत. आमच्याकडचा नमुना धोतर नेसून सायकलवर यायचा आणि प्रोसेसरच्या पिढ्या गोत्रासारख्या सांगायचा.

मी कंप्युटरचा डिप्लोमा केलेला माणूस. बुलढाण्याला खोली घेऊन शिकलो, गावात परत येऊन दुकान टाकलं, बोर्डावर 'विक्री व दुरुस्ती' लिहिलं. आणि गिऱ्हाईक काय करायचं? माझ्याकडून सगळं समजून घ्यायचं, कागदावर लिहून घ्यायचं, कागद खिशात घालायचं आणि म्हणायचं, "येतो. जरा महाराजायले विचारून घेतो." आता सांगा, कोणाच्याही पोटात दुखेल की नाही? माझ्या तर दुखायचं. मी जळायचो. माझी बायको तोंडावर सांगायची, "तुम्ही त्यायच्यावर जळता." वर स्वतः मिक्सर घेताना त्यांनाच फोन करायची. मिक्सर आणि कंप्युटर यांचा संबंध काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "मोटर तर दोन्हीत असते ना."

त्यांची मतं गावात म्हणींसारखी फिरायची. रॅमबद्दल कोणी विचारलं की म्हणायचे, "रॅम म्हणजे ओटा. ओटा मोठा असला की चार भांडे मांडता येतात. पण रांधणारीच ढिली असन तर ओट्यानं काय होते?" हे ऐकून गिऱ्हाईक खूश. मी तीच गोष्ट आकडे देऊन सांगायचो तर जांभया द्यायचं.

रंगीत दिवे लागणाऱ्या कॅबिनेटचा त्यांना भारी राग. मी एकदा काचेच्या बाजूचं, आत लाल-निळं चमकणारं एक कॅबिनेट हौसेनं काउंटरवर मांडलं. पोरं बाहेर उभी राहून बघायची. महाराज आले, पाहिलं आणि मला म्हणाले, "आत लग्न हाये काय बे?" पोरं हसली. ते कॅबिनेट पुढं बरेच दिवस माझ्याकडंच राहिलं आणि त्याच्याकडं पाहिलं की मला तेच वाक्य ऐकू यायचं.

चोरीच्या सॉफ्टवेअरला ते हात लावायचे नाहीत. मी म्हटलं, "महाराज, पूजेची फुलं तर तुम्ही सकाळी लोकायच्या कंपाउंडातून तोडता." ते म्हणाले, "तोडतो. फुलं उद्या पुन्हा येतात." फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला लोक नाक मुरडायचे, तर त्यांना विचारायचे, "प्रसाद काय विकत घेता?" नवीन आवृत्ती आली की महिनाभर थांबायचं, आधी दुसऱ्यांची मशिनं बिघडू द्यायची, हा त्यांचा नियम. हा नियम मीही पाळायचो, फक्त तो त्यांचा आहे असं कोणाला सांगायचो नाही.

आणि त्यांचं सगळ्यात मोठं मत मलकापूरबद्दल होतं. "पुण्या-मुंबईच्या माणसानं मशीन चांगलं म्हटलं तर मले काय त्याचं? त्यानं ते आपल्या मे महिन्यात चालवलं काय? आपली रुई खाऊ घातली काय?" हे मात्र खरं. आमच्याकडं कापसाच्या हंगामात जिनिंगची रुई हवेतून उडत येते आणि कॅबिनेटच्या पंख्यावर तिची गादी जमते. मी आपला ब्रश घेऊन साफ करत बसायचो. महाराजांनी जुन्या धोतराचा तुकडा कापून पंख्याच्या तोंडावर बसवला. सुती, झिरझिरीत, वारा जाईल आणि रुई अडेल असा. दर आठवड्याला तो काढायचा, झटकायचा, पुन्हा लावायचा. थोड्याच दिवसांत बाजारातल्या निम्म्या मशिनांच्या तोंडावर धोतर आलं. मी जाळीचे तयार फिल्टर मागवले होते, ते तसेच पडून राहिले.

खरा घाव घातला तो तांदळानं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आता दुकानांत कंप्युटरचीही पूजा होते. चोपडीशेजारी मशीन, त्याला हळदकुंकू, वर फूल, आणि मंत्र म्हणत सगळ्यांवर अक्षता. एका किराणा दुकानदाराचं मशीन खडखड करायला लागलं. मी ऐकलं, पंखा गेला म्हणून सांगितलं, अकोल्याहून नवा मागवला. पंखा यायच्या आधी महाराज आले. कॅबिनेटला कान लावला आणि म्हणाले, "तांदूळ हाये."

"तांदूळ कसा असन महाराज? पंखा घासून राह्यला तो," मी म्हटलं.

"उघड."

उघडलं. पंख्याच्या कडेला कुंकवानं लाल झालेला एक दाणा अडकला होता. दुकानदार माझ्याकडं पाहायला लागला. त्या वेळी महाराजांनी माझा अपमान केला असता तर बरं झालं असतं, मला निदान रागावता आलं असतं. त्यांनी दाणा बोटावर घेतला, उजेडात धरला आणि पोट हलेपर्यंत हसले. "माझाच हाये. मागच्या लक्ष्मीपूजनाचा."

त्या वर्षीपासून त्यांनी रीत बदलली. अक्षता ताटात वाहायच्या, मशीनला बाहेरून फक्त कुंकवाचं बोट. सगळ्या बाजारानं ती शास्त्रात लिहिल्यासारखी मानली. माझ्या दुकानात 'कंप्युटरजवळ खाऊ नये, पाणी ठेवू नये' अशी छापील पाटी दहा वर्षं लटकलेली होती. तिच्याखाली बसून लोक कचोरी खायचे.

खेळांवरही मतं होतीच. बंदुकीचे खेळ त्यांना आवडायचे नाहीत. "एवढ्या गोळ्या झाडून शेवटी भेटते काय? अजून मोठी बंदूक." शेतीचा एक खेळ कोणी दाखवला तर तासभर मन लावून खेळले आणि म्हणाले, "याच्यात बोंडअळी नाही. मग कायची शेती?" त्यांचा जीव होता तो ट्रक चालवायच्या खेळावर. परदेशातले रस्ते, सगळीकडं बर्फ, आणि माल घेऊन या गावाहून त्या गावाला जायचं. बस एवढंच.

एकदा मी त्यांचा दुरुस्त केलेला यूपीएस द्यायला घरी गेलो. मे महिना, दुपार. कूलर घरघरत होता आणि नुसती गरम हवा फेकत होता. महाराज बनियन घालून, पंचा गुंडाळून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेले, आणि समोर पडद्यावर पांढराशुभ्र घाट.

"बस. घाट उतरू दे," ते माझ्याकडं न पाहता म्हणाले.

मी बसलो. वळणापाशी त्यांनी इंडिकेटर दिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"मागं तर कोणीच नाही महाराज, इंडिकेटर काऊन देता?"

"आपली सवय आपल्यासाठी असते बे."

आयुष्यात बर्फ त्यांनी पाहिला तो लग्नातल्या सरबताच्या पिंपात. नाशिकच्या पलीकडं ते गेले नव्हते. आणि तो माणूस घाट उतरताना असा हसत होता की काय सांगू. मी सकाळपासून रात्रीपर्यंत मशिनांतच असतो, पण मशीनसमोर बसून मला असं हसू कधी आलं नाही. मला बिल दिसतं, वॉरंटी दिसते, परत येणारं गिऱ्हाईक दिसतं. गिऱ्हाइकं त्यांच्याकडं जायची त्याचा हेवा मी पचवला असता. त्या दुपारच्या त्यांच्या चेहऱ्याचा हेवा मला अजून पचलेला नाही.

आणखी एक सल होता. चहा माझा प्यायचे, खुर्ची माझी अडवायचे, पण स्वतःच्या मशीनचा एकही भाग त्यांनी माझ्याकडून घेतला नाही. नागपूरला शिकणारी यजमानांची पोरं यायची, त्यांच्याकडून मागवायचे आणि घरी स्वतः जोडायचे. मी कधी बोललो नाही. बोलून काय, ते 'पण' म्हणाले असते.

मग एका सकाळी ते सायकल हातात धरून, चालत आले. हल्ली चढावर दम लागतो म्हणाले. खुर्चीवर बसले, बराच वेळ श्वास जमवला.

"माझं मशीन गेलं. मदरबोर्ड. आता हात कापते, स्क्रू धरता येत नाही. तू बनवून दे."

"काय काय टाकायचं ते सांगा," मी कागद ओढला.

"काही सांगत नाही. तुझ्या मनानं बनव. मी मधात बोलणार नाही." आणि उठताना माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "फक्त घाटात अडकलं नाही पाह्यजे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं आणि माझी पाचावर धारण बसली. रॅम उचलला की ओटा आठवायचा. कॅबिनेट निवडताना "लग्न हाये काय" ऐकू यायचं. एक पॉवर सप्लाय मी बसवला, काढला, त्याहून चांगला मागवला. वायरी अशा बांधल्या की माझ्या लग्नात मी फेटा तितका नीट बांधला नव्हता. पंख्याच्या तोंडावर फिल्टर लावायची वेळ आली तेव्हा मात्र अडलो. जाळी लावावी तर ते हसतील, धोतर लावावं तर ते त्यांचं झालं. बायकोनं तिच्या जुन्या सुती साडीचा तुकडा आणून दिला. "हा आपला," ती म्हणाली. तो बसवला.

मशीन झालं त्याच आठवड्यात त्यांचा नाशिकला राहणारा मुलगा त्यांना तपासणीसाठी तिकडं घेऊन गेला. छातीचं काही होतं. तिथून त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"झालं काय?"

"झालं महाराज. दिवसभर चालवून पाह्यलं. गरम होत नाही. मस्त झालं."

"तू नको सांगू. आल्यावर हात लावून सांगतो मी."

"या मग लवकर."

"हाव. येतो."

ते आले नाहीत. पुढचा फोन मुलाचा होता. सगळं उरकल्यावर तो मलकापूरला घर बंद करायला आला, तेव्हा दुकानात येऊन मशीनकडं पाहत उभा राहिला. मी पोत्यात बांधून देऊ का विचारलं तर म्हणाला, "मला याच्यातलं काही समजत नाही काका. तुमच्यापाशीच राहू द्या. त्यांना बरं वाटेल."

मी ते काउंटरवर ठेवलं. आणि आता गंमत ऐका. गावात बातमी पसरली की महाराजांचं शेवटचं मशीन माझ्याकडं आहे. लोक यायला लागले. परवा एक मास्तर आले, मुलीला कॉलेजसाठी कंप्युटर पाहिजे म्हणाले. मी दोन-चार प्रकार दाखवले. त्यांचं बोट काउंटरवर.

"हे महाराजायचं ना? अगदी असंच बनवून द्या. डोळे मिटून घेतो."

"मास्तर, हे मी बनवलं. माझ्या मनानं. त्यायनी याले हातही लावला नाही."

"हाव हाव. पण महाराजायचंच ना?"

माझ्या हातचं पहिलं बिनतक्रार मशीन, तेही त्यांच्याच नावावर गेलं. मेल्यावरही माणूस माझं गिऱ्हाईक मधल्या मध्ये नेतो. पुन्हा पोटात दुखलं, अगदी पूर्वीसारखं, आणि तेच दुखणं परत आलं म्हणून जरा बरंही वाटलं.

"चालवून दाखवा ना," मास्तर म्हणाले.

मी मशीन सुरू केलं. त्यात त्यांचा ट्रकचा खेळ मी आधीच टाकून ठेवला होता. बाहेर ऊन रणरणत होतं, पडद्यावर बर्फाचा घाट उघडला. मला खेळ येत नाही, ट्रक सारखा कठड्याला घासत होता, तरी वळणापाशी मी इंडिकेटर दिला. घाट उतरेपर्यंत पंख्याचा आवाज वाढला नाही, चित्र कुठं अडलं नाही.

"गरम तर होत नाही ना?" मास्तरांनी विचारलं. "महाराज कसे पाहायचे, तसं पाहून सांगा."

मी पालथा हात कॅबिनेटवर ठेवला. डोळे मिटले. थंड होतं.

"मशीन बरं हाये," मी म्हणालो, आणि पुढचा शब्द ऐकायला थांबलो.